सिंगतेलाच्या डब्याचा पत्रा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्या शेडमध्ये ती एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आली, तेव्हा सिटांखाली अजून विश्वामित्रीचा गाळ होता. ऑगस्ट २०२४ च्या पुरात गाडी अकोट्याला काकांच्या पार्किंगमध्ये पाण्यात उभी राहिली होती. १९६६ चं मॉडेल, दोन सिटांची, कापडी टपाची. इंजिनचं काम दुसरीकडे चाललं होतं, माझ्याकडे फक्त पत्र्याचं.

काका मूळचे दांडियाबाजारचे, माझ्याआधी हेच काम करणाऱ्या आमच्या नानांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. म्हणाले, "पुढचे दोन्ही फेंडर नवे घाल. जुन्यावर हातोडा मारत बसू नकोस." फेंडर म्हणजे चाकावरचा, दारापर्यंत येणारा बाजूचा पत्रा.

नवे मिळतात, ही या गाडीची चैन आहे. एमजीबी १९६२ ते १९८० बनली, पाच लाखांच्या वर. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ प्रेसच्या साच्यांवर तिची अख्खी बॉडी पुन्हा बनवतं. बाजारात नकला पण पुष्कळ. त्या किमतीला निम्म्या आणि बसवायला दुप्पट. काकांच्या भाच्याने परदेशातून पहिला फेंडर पाठवला, तो काळ्या रबरी बंपरच्या गाडीचा निघाला, म्हणजे १९७४ च्या शेवटानंतरचा. त्याला हेडलाइटखाली इंडिकेटरचं भोकच नाही. तो परत गेला. मग मूळ साच्यातले दोन आले, आणि त्यातला उजवा लावायचा दिवस उजाडला.

लावायचा म्हणजे बोल्टवर नुसता टांगायचा. रंग नाही, सीलर नाही. माझी सवय अशी की चार मिलीमीटरचं ड्रिल उलटं धरायचं आणि त्याची दांडी दार-फेंडरच्या फटीतून वरून खाली ओढायची. वर ती शिरेना. खाली दांडी सोडा, करंगळी जात होती. बोल्ट ढिले करून फेंडर पुढे-मागे केला, वर उचलला, काही नाही. जुना परत टांगला तर फट वरपासून खालपर्यंत एकसारखी!

आता काय म्हणाल? मी पण तेच म्हटलं, नवा माल वाकडा. भाच्याला फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता.

आमचे उस्ताद तिकडे जुन्या फेंडरच्या कडेवर चुंबक फिरवत होते. आम्ही तो रुमालात गुंडाळतो, रंगाला ओरखडा नको म्हणून. वर चुंबक घट्ट धरत होता. खाली, दाराकडच्या कडेला, टपकन सुटला. बॉनेटवर सुटला तर मी दचकत नाही, या सालच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचंच असतं. पण फेंडर लोखंडी पत्र्याचा. तिथे खरवडलं तर पुट्टी, खाली नऊ मिलीमीटर, वर निमुळती होत गेलेली. फटीचा पाचर पुट्टीने भरून कोणीतरी कड सरळ दाखवली होती.

उस्ताद गुजरातीत म्हणाले, "फेंडर बराबर छे, भाई. गाडी बेसी गई छे."

एमजीबीला वेगळी चासी नाही. टप कापडी, त्यामुळे वरून आधार शून्य. मधला सगळा भार सिलवर, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळईवर. सिल आतून कुजली की गाडी पोटात खचते, दाराची चौकट वरून आवळते आणि दार मागच्या फेंडरला वरच्या कोपऱ्यात घासायला लागतं. मग शहाणे लोक खालच्या बिजागरीमागे पॅकिंग भरून दाराचा मागचा टोक उचलतात. मागची फट सुधारते, पुढची बिघडते. पुढची पुट्टीने भरतात. सिलला कोणी हात लावत नाही.

दार उतरवलं. खालच्या बिजागरीमागे पत्र्याच्या तीन पट्ट्या. मी त्या उजेडात धरल्या आणि गप्प झालो. पट्टीच्या पाठीवर पिवळी छपाई, गुजराती अक्षरांचे तुकडे. सिंगतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा. पॅकिंगला असा पत्रा कापून ठेवायची सवय आमच्या नानांना होती. कोपरे कातरीने गोल करायचे, हात कापू नये म्हणून. या पट्ट्यांचे कोपरे गोल होते.

काकांना बोलावलं आणि पट्ट्या हातात दिल्या. दोष कोणाचा हे सांगितलं.

काका जरा वेळ बघत राहिले. "थोरल्याच्या वरातीला गाडी हवी होती रे. नाना म्हणाले होते, खालून कुजलीय, महिना लागेल. मीच म्हटलं, चार दिवसांत दे." मग हसले. "वरात वेळेवर निघाली."

पुढचे तीन आठवडे फेंडर खोक्यात राहिला. दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड केले, मगच सिल कापली. आधी कापली असती तर गाडी आणखी बसली असती. मधून जॅकने कणाकणाने उचलत नेली. बाहेरची सिल, आतला उभा पत्रा, खालची पट्टी, तिन्ही नवं. पाइप काढले, दार पॅकिंगशिवाय टांगलं, नवा फेंडर लावला. ड्रिलची दांडी वरून खाली एका दमात गेली.

डावी बाजू खचलेली नव्हती. तिथल्या जुन्या फेंडरचा मागचा खालचा कोपराच तेवढा सडला होता. चाकाने उडवलेला चिखल तिथे साचतो. वीतभर कापून तुकडा जोडला की झालं. पण काकांना दोन्ही नवे हवे होते, आणि दुसरा तर येऊन पडला होता. मी विचारलं, काय करू?

"मूळचाच आहे ना तो?"

"मूळचाच."

"मग राहू दे. नवा भाच्याला परत पाठव."

सिलची मजुरी मी लावली नव्हती. काकांनी बिल परत केलं, लिहून आण म्हणाले.