उठायचं कसं?

बुधवार, रात्री

आज दुपारची मीटिंग लांबली. शेजारी बसलेली सहकारी सारखी कंबर दाबत होती. समोरची पाण्याची बाटली कधीच रिकामी झालेली. भरून आणायला चार पावलंच जायचं, पण साहेब बोलत असताना उठायचं कसं? शेवटी उठली तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या. टेबल धरून क्षणभर थांबली, मग लंगडत निघाली.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. ऑफिसात माणसं हलत नाहीत त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. जागेवर दिसतो तो काम करतो, असं आपण सगळ्यांनीच धरून चाललोय. दोन फेऱ्या मारणारा लगेच रिकामटेकडा ठरतो. तिथे 'जिने वापरा'ची पोस्टरं काय करणार?

ब्रिटिश संशोधक डॉ. जेरी मॉरिस यांचा १९५३चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. लंडनची दुमजली बस: ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटांसाठी सतत जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. पोस्टातही कारकुनांपेक्षा पायी आणि सायकलवर टपाल वाटणाऱ्यांची स्थिती बरी होती. यातलं कुणी व्यायाम म्हणून हे करत नव्हतं. कामच तसं होतं, त्यामुळे वेगळा निग्रह लागत नव्हता. आपल्या कामातून मात्र ती हालचाल एकेक करून निघून गेली. फाईल द्यायलासुद्धा आता कुणी उठत नाही.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसलं की तेच काम मंदावतं. म्हणून एका जागी ताटकळत उभं राहूनही फारसं साधत नाही, पाय हलायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि सलग दहा मिनिटं हवीतच ही जुनी अट २०२०मध्ये काढून टाकली. म्हणजे दोन मजले झपाझप चढलेलेही हिशेबात येतात. नोकरदारांसाठी ही केवढी सोय आहे!

उद्या टीममध्ये बोलणार आहे. फोन चालत घ्यावेत. दोघांचंच बोलणं असेल तर खोली अडवण्यापेक्षा व्हरांड्यात फेऱ्या मारत बोलावं. लांबलेल्या मीटिंगमध्ये मध्येच उठायला कुणाची परवानगी लागू नये, आणि पहिल्यांदा मीच उठेन. टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे, तर सुरुवातही माझ्याकडूनच हवी. पावलं मोजण्याची चढाओढ मात्र नको. ज्याचे गुडघे दुखतात त्याला जिन्याचा आग्रह नको; त्याने बसल्या जागी टाचा वर-खाली केल्या, थोडं पाणी आणायला गेला, तरी चालेल. साहेबांशी आधी वेगळं बोलावं लागेल, सकाळी लवकर गाठते त्यांना.