जुने लेख नव्या जागी नेताना

जुन्या ब्लॉगवरचे लेख नव्या जागी नेण्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून हे. ख्रिस्ती विषयांवर मराठीत लिहिणारे बरेच जण सबस्टॅककडे (वर्गणीदारांना ईमेलने लेख पाठवायची सोय) किंवा स्वतःच्या वर्डप्रेसकडे वळतायत, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: जुने लेख तिकडे कसे न्यायचे? नेणं सोपं आहे. ब्लॉगर असो की वर्डप्रेस, सगळ्या मजकुराची एक्सएमएल फाइल उतरवून घेता येते. तिच्यात चित्रं मात्र नसतात, फक्त त्यांचे दुवे असतात. जुनं खातं पुसलंत की चित्रंही गेली. ती वेगळी उतरवा आणि खातं निदान वर्षभर तसंच ठेवा. घाम निघतो तो मजकूर साफ करताना.

जुनं लेखन अनेकदा श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप झालेलं असतं. त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, ती अख्ख्या जोडाक्षरानंतर येते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरला जोडाक्षर कुठे संपतं ते उमगलं नाही की ‘ख्रिस्त’चा ‘खि्रस्त’ होतो. म्हणजे नेमका तोच शब्द मोडतो ज्यासाठी आपण लिहितो, आणि गुगलवर ‘ख्रिस्त’ शोधणाऱ्याला तो लेख सापडेलच याची खात्री राहत नाही. नुसत्या डोळ्यांनी हे सगळं पकडायला जाऊ नका. वेलांटीच्या लगेच पुढे हलन्त मराठीत कधीच येत नाही, म्हणून तशी जोडी दिसली की चूक आहेच. नोटपॅड++ या मजकूर-संपादकात शोधा-बदला उघडून रेग्युलर एक्स्प्रेशन निवडा. शोधायच्या चौकटीत ‘ि्([क-ह])’ आणि बदलायच्या चौकटीत ‘्$१ि’ घाला. त्यातला १ हा आकडा तेवढा इंग्रजी हवा. एकदा चालवून थांबू नका. ‘सि्त्रया’ पहिल्या फेरीत ‘स्ति्रया’ होतं, दुसरीत ‘स्त्रिया’. शून्य बदल येईपर्यंत चालवा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा.

त्याच बैठकीत विसर्गही बघा. ‘योहान ३:१६’ मध्ये कोलनच्या जागी विसर्ग टाइप करायची सवय फार जणांना असते. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधात वेगळे.

मग लेखाचा वेब-पत्ता. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस तेच पत्त्यात घालतं. तिथे प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, आणि मर्यादा २०० ची. बावीस चिन्हांत शीर्षक तुटतं. टक्क्याच्या चिन्हांनी (%) भरलेला असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला की ज्येष्ठ वाचक त्याला हातही लावत नाहीत (आणि त्यांचं चुकतं असं कोण म्हणेल?). पत्त्याचा शेवटचा भाग रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत, प्रकाशित करण्याआधीच स्वतः लिहा.

हक्कांबद्दल कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. मासिकात छापून आलेला लेख तुमचाच असतो, लेखी हक्क दिले नसतील तर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हस्तांतर लेखीच लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. बायबलच्या वचनांचं निराळं. भारतीय बायबल सोसायटीचं भाषांतर वापरत असाल तर लेखात एखाददुसरं वचन श्रेय देऊन घेणं वेगळं आणि रोज अख्खा अध्याय टाकणं वेगळं. अख्ख्या अध्यायांसाठी सोसायटीची परवानगी मागा. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मोकळं आहे: त्या १९२२ साली वारल्या, आणि हक्क मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. ना. वा. टिळकांचे अभंगही (मृत्यू १९१९) मोकळे, पण एखाद्या नव्या आवृत्तीतल्या टीपा किंवा कुणी गायलेलं ध्वनिमुद्रण मोकळं नाही. कॅथलिक धर्मसंघातल्या फादर-सिस्टरांनी धर्म आणि नीती या विषयांवरचं लेखन प्रकाशित करताना कॅनन ८३२ (चर्चच्या कायद्यातलं कलम) लक्षात ठेवावं. वरिष्ठांची परवानगी लागते. प्रापंचिकांच्या साध्या लेखाला इम्प्रिमातुर (छापण्यासाठी चर्चची परवानगी) लागत नाही, पण प्रार्थनांचं पुस्तक काढलंत तर बिशपांची परवानगी हवी.

पैशाचं थोडक्यात. सबस्टॅक वर्गणीतले दहा टक्के घेतं आणि पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत येतात. भारतात स्ट्राइपचं नवं खातं मागेल त्याला मिळत नाही. म्हणून इथे बसून वर्गणीचा हिशोब मांडू नका. परदेशी नागरिकांकडून देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) समजणाऱ्या सीएला विचारल्याशिवाय देणगीचं बटण लावू नका.

आणि सगळं नेऊ नका. ‘येत्या बुधवारी राखेचा बुधवार’ अशी सुरुवात असलेला लेख एरवी वाचकाला गोंधळात पाडतो. प्रवचनं असतील तर तारखेऐवजी उपासनावर्षाने, म्हणजे चर्चच्या वर्षाने लावा. कॅथलिक रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात, ए, बी आणि सी. ज्या सनाला तीनने भाग जातो ते सी वर्ष, म्हणजे २०२५ सी होतं. वर्ष आगमनकाळापासून (नाताळाआधीचे चार रविवार) बदलतं, त्यामुळे डिसेंबरातलं प्रवचन पुढच्या सनात मोजायचं. २०२५ च्या नाताळचं प्रवचन ए मध्ये जातं. लेखाच्या खुणेत (टॅगमध्ये) वर्ष आणि रविवार दोन्ही लिहा, ‘सी, प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार’ असं, म्हणजे २०२८ च्या वसंतात तो लेख शोधत बसावं लागणार नाही.