येतं का आणि टिकेल का: आयटीआय-डिप्लोमावाल्यांची मुलाखत

जळगावच्या एमआयडीसीतली ठिबक, पाइप किंवा चटईची कंपनी असो, नाशिकचं अंबड-सातपूर असो, पुण्याजवळचं चाकण असो की नंदुरबारकडच्या पोरांना जवळ पडणारं सुरत, समोर बसलेल्या माणसाला तुमच्याबद्दल दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. याला काम येतं का? आणि आलं तरी हा टिकेल का? टाय, फाडफाड इंग्रजी, हात कसा मिळवायचा यावर लोक उगाच डोकं शिणवतात. कारखान्यातल्या नोकरीत त्याला फार किंमत नाही.

सुरुवात बायोडेटापासून. एकच पान पुरे. जात, छंद, 'वरील माहिती सत्य आहे' वगैरे काढून टाका. उरलेली प्रत्येक ओळ म्हणजे येणारा एक प्रश्न आहे असं समजा. 'ऑटोकॅड' लिहिलंत तर कागद पुढे सरकवून 'या पार्टचं सेक्शन काढ' म्हणतील. पंधरा दिवसांचा कोर्स केला असेल तर तसंच लिहा. 'लेथवर काम केलं' यापेक्षा 'माइल्ड स्टीलच्या शाफ्टचं टर्निंग, माप 0.05 मिमीच्या आत' ही ओळ भारी पडते. मात्र मग कोणतं टूल, किती स्पीड, जॉब कशामुळे रिजेक्ट होतो हे सांगता आलं पाहिजे.

फिटर-टर्नरच्या हातात बहुतेक ठिकाणी व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) आणि एखादा जॉब, म्हणजे घडवलेला पार्ट, देतात. पोरं लगेच माप घ्यायला धावतात. जो आधी जबडे पुसून, मिटवून शून्य जुळतं का बघतो, त्याला अर्धे मार्क तिथेच पडतात. नेहमीच्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिमी, मायक्रोमीटरचं 0.01. माप चुकतं ते बहुतेक तीन कारणांनी: जॉबच्या कडेला बर (धातूचा खरखरीत कंगोरा) राहिलेला असतो, जबडा तिरका लागतो, किंवा मायक्रोमीटर रॅचेटऐवजी (ठरावीक दाबाला घसरणारी टोकाची मूठ) थिंबलने, म्हणजे फिरत्या नळीने, आवळला जातो. ही कारणं आपणहून बोलून दाखवा.

इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात चालवणं) ठरलेलाच. 'सुरुवातीचा करंट कमी होतो' एवढं सगळेच सांगतात. मोटर थेट लावली तर ती चालू होताना पूर्ण लोडच्या पाच ते सात पट करंट घेते. स्टारमध्ये लाइनचा करंट थेट डेल्टात लावल्याच्या एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही (फिरवायचा जोर) एक तृतीयांशच मिळतो. म्हणून जड लोड असलेली मोटर स्टारमध्ये नीट उचलत नाही. शेवटचं वाक्य सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो.

कृषी डिप्लोमावाल्यांना, विशेषतः रावेर-यावलकडच्यांना, केळीवर प्रश्न येणारच. लागवड 1.5 × 1.5 मीटरवर असेल तर हेक्टरी 4,444 झाडं, एकरी साधारण 1,800. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एकराला ताशी 14,400 लिटर, म्हणजे सेकंदाला 4 लिटर पाणी लागतं. पुढचा प्रश्न असतो, विहिरीचा पंप सेकंदाला 3 लिटरच देत असेल तर? एकराचे दोन भाग करून आळीपाळीने चालवायचं. नाहीतर दाब पडतो आणि शेवटच्या ओळींना पाणी कमी जातं. घरच्या मळ्यात हे रोज बघूनही पोरं आकड्यात सांगू शकत नाहीत. नुसता सराव नसतो, बाकी काही नाही.

'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर साठ ते नव्वद सेकंदांचं असावं. पाठ केलेलं 'मायसेल्फ अमुकतमुक' दोन वाक्यं चालतं आणि तिसऱ्याला अडकतं. मराठीत किंवा हिंदीत बोला, कामाचे शब्द इंग्रजीत येतातच. गाव एका वाक्यात, शिक्षण एका वाक्यात, आणि उरलेला वेळ स्वतःच्या हातांनी केलेल्या एका कामाला. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. अहिराणीचा किंवा लेवा बोलीचा हेल लपवायची गरज नाही. घाबरून आलेला वेग मात्र कमी करा, तो समोरच्याला खरंच समजत नाही.

आता 'टिकेल का'. हा प्रश्न सरळ येत नाही. 'घरी शेती किती? कोण बघतं?' असा गप्पांसारखा येतो. 'वडील बघतात, मी पण मदत करतो' हे प्रामाणिक उत्तर, पण एचआरला त्यात कापूस वेचणीच्या दिवसांतली गैरहजेरी दिसते. खरं असेल तेच पण पूर्ण सांगा: शेती पाच एकर, वडील आणि भाऊ बघतात, वेचणीला मजूर लावतो, मला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला घरी जायचं असतं. बाहेरगावी नोकरी असेल तर राहणार कुठे, कोणासोबत, रूमचं भाडं अंदाजे किती, याचा तपास आधी करून ठेवा. 'बघू, होईल काहीतरी' म्हणणारा पहिल्या पगारानंतर परत जातो हे त्यांनी पाहिलेलं असतं. शिफ्टबद्दलही तसंच. 'कोणतीही चालेल' म्हणण्याआधी रात्री कंपनीची बस असते का ते विचारा. अशा प्रश्नाने कोणी नाराज होत नाही.

कागदपत्रं: मूळ प्रती, स्वतःची सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच, चार फोटो, आधार, पॅन, पासबुक. खरी अडचण नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एखाद्या अक्षराचा फरक. मुलाखतीत हे चालून जातं, पीएफच्या वेळी अडतं. आधारवरची दुरुस्ती महिनाभर आधीच टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवावी.

मे महिन्यात आपल्याकडे खानदेशात पारा 45 च्या पुढे जातो. प्रवास जुन्या शर्टात करा आणि पोहोचल्यावर बदला. आकाशी आणि करड्या रंगावर घाम सगळ्यात जास्त दिसतो, पांढऱ्यावर कमी. आत सुती बनियन हवी. बंद बूट घाला, कारण शॉप फ्लोअरवर चक्कर मारायला नेलं तर चप्पलवाल्याला दारातच थांबवतात. अंगठी, लोंबणारी ओढणी नको. पुण्याला जाणाऱ्यांनी शक्यतो आदल्या दिवशीच पोहोचावं. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून सकाळी नऊला तोंड उघडलं की थकवा दिसतो. शेवभाजी आणि कच्चा कांदा परतीच्या दिवशी खा. गेटवर नोंद, तपासणी यात वीस मिनिटं सहज जातात, तेवढं आधी पोहोचा.

ऑनलाइन मुलाखत असेल तर कूलर बंद. तुमच्या कानाला सवय झालेली असते, पण पलीकडच्याला घरघरच ऐकू येते. लाइट गेली की वायफायही जातं, म्हणून मोबाइल पूर्ण चार्ज आणि दुसऱ्या सिमचा डेटा तयार हवा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी.

पगाराचा आकडा सांगितला की तो हातात येणारा की सीटीसी (तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च), ते विचारा. समजा एकूण पगार 16,000, त्यात बेसिक 12,000. पीएफ बेसिकच्या 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयसी (कामगार विमा) एकूण पगाराच्या 0.75 टक्के म्हणजे 120, व्यवसाय कर 200. हातात 14,240. कंपनी स्वतःचा पीएफचा 1,440 आणि ईएसआयसीचा 3.25 टक्के म्हणजे 520 हिस्सा त्यात मिळवून तीच नोकरी '17,960 सीटीसी' म्हणून सांगते. कॅन्टीन आणि बसची कपात वेगळी. मुलींना महाराष्ट्रात 25,000 पर्यंत व्यवसाय कर लागत नाही.

भुसावळ-वरणगाव भागात एक फोन हमखास येतो: रेल्वेत किंवा ऑर्डनन्समध्ये (दारूगोळा कारखान्यात) जागा आहे, मुलाखत फिक्स करून देतो, एवढे लाख लागतील. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. रेल्वेच्या या जागांसाठी संगणकावर परीक्षा, मग कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी असते. जी मुलाखतच नाही ती कोणी फिक्स काय करणार? अशा माणसाला आधार आणि पासबुकाची झेरॉक्सही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.