आमची वाटचाल : आधी पेशंट बोलतो

मिरजेत आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, सतार-तानपुऱ्याचे कारागीर, निवडणुकीतल्या प्रचाराच्या रिक्षा, ही आमची सुरुवातीची गिऱ्हाइकं. पण हे गाव दवाखान्यांचं. १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, तर बेळगाव-विजापूरकडचे पेशंटही मिरजेची वाट धरतात. आज ना उद्या एखादे डॉक्टर आमच्याकडे येणारच होते.

आले ते मधुमेहाचे डॉक्टर. वेटिंग रूममध्ये लावायला आहार आणि चालण्याच्या व्यायामावर त्यांचं भाषण रेकॉर्ड करून हवं होतं. आम्ही सुचवलं, डॉक्टर, आधी पेशंटला बोलू द्या. तुम्ही ते निवांत ऐका आणि मग उत्तर द्या. त्यांनी लगेच होकार दिला, आणि आमच्या कामाची दिशाच बदलली.

पद्धत अजून तीच आहे. पेशंट स्टुडिओत येतो किंवा आम्ही त्याच्या घरी जातो. लेखी संमती घेतो आणि नाव-गाव काढून टाकतो. डॉक्टर समोर नसतात. माणूस मोकळा होतो तो तिथेच. केबिनमध्ये ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ याचं उत्तर ‘हो’ असंच येतं, कारण बाहेर रांग लागलेली असते आणि मनात ओरडा खायची भीती असते. माइकसमोर तीच व्यक्ती सांगते, एकादशीला गोळी घेत नाही, पण साबुदाण्याची खिचडी खाते. रक्त तपासायच्या आधी चार दिवस गोड बंद करणारे तर कितीतरी भेटले. एचबीए१सी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते, चार दिवसांच्या पथ्याने ती फारशी हलत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

एक काकू सांगत होत्या, ‘मी सुई नेहमी बेंबीच्या डाव्या बाजूलाच घेते. तिथं आता दुखत नाही.’ डॉक्टरांनी ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. एकाच जागी वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचलं की कातडीखाली चरबीच्या गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तीच जागा धरून बसतो, पण इन्सुलिन तिथून नीट शोषलं जात नाही. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो. आणि पुढे जागा बदलून तोच वाढलेला डोस चांगल्या कातडीत गेला, तर साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून जागा बदलायची ती डॉक्टरांना सांगूनच. हा भाग आम्ही जसाच्या तसा ठेवला. ते डॉक्टर आता इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक पेशंटचं पोट हाताने चाचपून बघतात. माझ्या लेखी आमच्या सगळ्या कामाची कमाई ही एवढीच धरली तरी चालेल.

भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक आहेत, असा आयसीएमआर-इंडिॲब या देशभरातल्या पाहणीचा २०२३ सालचा अंदाज आहे. एवढ्यांना प्रत्येक भेटीत अर्धा तास देणारे डॉक्टर आणायचे कुठून? म्हणून पेशंटचं बोलणं आणि डॉक्टरांचं उत्तर असा आमचा एकेक भाग एसटीत बसल्या बसल्या ऐकून होईल एवढाच असतो आणि व्हॉट्सॲपवर जातो. शेवटी एकच काम सांगतो : पुढच्या भेटीत विचारायचा एक प्रश्न केसपेपरच्या मागे लिहून न्या. काही दवाखान्यांत कंपाउंडर आता पेशंट आत जायच्या आधी तो प्रश्न लिहिलाय का, हे बघतात.

पैशांचं सांगायचं तर दवाखाने महिन्याची ठरावीक फी देतात, पेशंटला ऐकायला फुकट. एका औषध कंपनीने चांगली रक्कम देऊ केली होती, पण प्रत्येक भागात त्यांच्या गोळीचं नाव हवं होतं. त्या महिन्यात भाड्याची ओढाताण असूनही आम्ही नकार दिला. गोळीची जाहिरात ऐकल्यावर कोणती काकू आमच्यापाशी खरं बोलेल?

सध्या सीमाभागातल्या पेशंटसाठी कन्नड भागांची तयारी चालू आहे. तर्जुमा करायचा नाही, तिकडच्या पेशंटचंच बोलणं घ्यायचं, असं ठरलंय. सोबत दम्याचा विषय घेतलाय. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो बंद करणारे घरोघरी आहेत, आणि डॉक्टरांना ते कळतं थेट धाप लागून पेशंट ॲडमिट झाल्यावर. त्या रेकॉर्डिंगसाठी माणसं शोधतोय. मिरज-सांगलीच्या आसपास कुणी बोलायला तयार असेल, तर आम्ही घरी येऊ.