आमची वाटचाल: पहिल्या वळणाचा हिशेब

फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींत सुरुवातीचे दिवे विझल्यापासून पहिली फेरी संपेपर्यंत कोणती गाडी धडकेत बाद होण्याचा धोका किती, हा आकडा काढून देणं हे आमच्या छोट्या कंपनीचं मुख्य काम. सुरुवात केली ती चालकांच्या तक्त्यापासून: कोण किती वेळा धडकला. गिऱ्हाइकांना हाच तक्ता हवा असतो आणि सगळ्यांत फसवा तोच निघाला.

२०१८ ते २०२४ या सात हंगामांत १४९ शर्यती झाल्या. प्रत्येकी वीस गाड्या, म्हणजे नोंदी तीन हजारांच्या घरात. पण पहिल्याच फेरीत बाद झालेल्या त्यांत शेकडा मोजक्याच. ‘कोणी धडकणार नाही’ असं दरवेळी ठोकून देणारं मॉडेलही शंभरात नव्वदहून जास्त वेळा बरोबर येतं. म्हणून अचूकतेची टक्केवारी आम्ही अहवालातून काढूनच टाकली. आता ब्रायर स्कोअर (सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी) बघतो, आणि ज्यांना पाच टक्के धोका सांगितला त्यांतले खरोखर शंभरात पाचच्या आसपास बाद झाले का, ते ताडून पाहतो. नवख्या चालकाच्या दहा सुरुवातींत दोन अपघात झाले म्हणून त्याला २० टक्के लावत नाही. सरासरी ३ टक्के धरली, तर त्याच्या खात्यात ४० ‘सरासरी’ सुरुवाती आधीच जमा करतो. त्या चाळिसांत अपघात १.२ धरले जातात. मग २ अधिक १.२, म्हणजे ३.२ भागिले ५०, म्हणजे ६.४ टक्के.

खरा वेळ खाते ती नोंदींची साफसफाई. अर्गास्ट या शर्यतींच्या निकालांच्या खुल्या (आता बंद झालेल्या) साठ्याच्या तक्त्यांत पिटलेनमधून (गाड्यांच्या दुरुस्तीच्या गल्लीतून) सुटलेल्या गाडीची ग्रिडवरची (सुरुवातीच्या रांगेतली) जागा ० लिहिलेली असते. ती तशीच ठेवली की मॉडेल तिला पोलच्याही (सर्वांत पुढच्या जागेच्याही) पुढे उभं करतं! तिला वेगळा रकाना द्यावा. ‘कोलिजन’ हा शेरा चाळिसाव्या फेरीतल्या धडकेलाही लागतो, म्हणून पूर्ण केलेल्या फेऱ्यांचा आकडा सोबत वाचायचा. तरीही पहिल्या वळणावर ठोकर खाऊन, रखडत पिटमध्ये येऊन दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला थांबलेली गाडी निसटते, आणि नुसतं इंजिन बंद पडलेली शून्य फेऱ्यांवरची गाडी आत घुसते. या दोन्ही चित्रण बघून हातानेच लावाव्या लागतात.

टेलिमेट्रीचं, म्हणजे गाडीतून येणाऱ्या वेग-ब्रेकच्या नोंदींचं, आकर्षण सगळ्यांना असतं. सार्वजनिक टेलिमेट्रीत सेकंदाला साधारण चारच नोंदी मिळतात. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५५ मीटर, तेव्हा दोन नोंदींच्या मध्ये गाडी १४ मीटर निघून जाते. गाडीची लांबी सुमारे साडेपाच मीटर. चाकाला चाक लागतं ते नेमकं त्या फटीत. ब्रेकचंही फक्त चालू की बंद एवढंच कळतं, दाब नाही. गाडी जागेवरून किती चपळ सुटली, एवढ्यापुरतीच टेलिमेट्री आम्ही वापरतो.

चालकांचा तक्ता मोडीत निघाला तो सिल्व्हरस्टोन २०२२सारख्या शर्यतींमुळे. जॉर्ज रसेल आठव्या जागेवर, सुटताना कमी पकड देणाऱ्या कडक टायरवर होता. तो सुटताना मागे पडला, भोवतालच्या गाड्या अंगावर आल्या, पिएर गॅस्लीच्या गाडीशी स्पर्श झाला आणि झू ग्वान्यू या चालकाची गाडी उलटी होऊन टायरच्या भिंतीपलीकडे जाळीला जाऊन अडकली. झूचा त्यात काडीचाही दोष नव्हता, पण चालकांच्या तक्त्यात अपघात त्याच्याही नावावर चढतो. ग्रिडवर लागोपाठच्या दोन जागांत आठच मीटर असतात. म्हणून आता आम्ही माणसाआधी जागा तोलतो: शेजाऱ्यांच्या टायरमधला फरक, दंडामुळे मागे ढकललेली वेगवान गाडी, रस्ता ओला की कोरडा, पहिलं ब्रेकिंग किती दूर. मेक्सिको सिटीत ते जवळपास ८०० मीटरवर, तर स्पाला ला सूर्सचं घट्ट वळण अगदी नाकासमोर.

मॉडेलची शिकवणी आणि परीक्षा यांसाठी नोंदी सरसकट पिसून वाटण्याची चूक आम्हीही केली. एका धडकेत तीन गाड्या गेल्या, त्यांतल्या दोन शिकवणीत आणि एक परीक्षेत आली की पेपर फुटलाच. अख्खी शर्यत एकाच बाजूला ठेवायची. मोजायची मात्र शर्यत नव्हे, सुरुवात: २०२०च्या मुजेलोच्या शर्यतीत गाड्या ग्रिडवर उभ्या करून तीन सुरुवाती झाल्या. आणि २०२१च्या हंगेरीत लाल झेंड्याने शर्यत थांबवल्यानंतरच्या सुरुवातीला ग्रिडवर एकटा हॅमिल्टन उभा होता, बाकी सगळे टायर बदलायला पिटमध्ये. ती नोंद काढून टाका, नाहीतर मॉडेल पोलला उगाच जास्त सुरक्षित समजतं.

हेच गणित कार्टिंगला (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींना) लावून द्या, अशी मागणी हल्ली येते. जसंच्या तसं लागत नाही. गिअर नसलेले कार्ट चालत्या रांगेतून सुटतात, तिथे आठ मीटरचा हिशेबच नाही. आधी प्रत्येक कार्टवर २५ हर्ट्झचा जीपीएस बसवून निदान दोन हंगामांच्या सुरुवाती जमवाव्या लागतील. त्या कामाचा दर वेगळा.