तुम्ही विचारलंत म्हणून : ऐन डिसेंबरात, एकटीने, क्राकूवला कशासाठी?

लग्नसमारंभात, सोसायटीच्या जिन्यात, अगदी दातांच्या डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहातही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : युरोपला जायचे तर मे-जूनमध्ये जावे, चार माणसांबरोबर जावे, ऐन डिसेंबरात, तेही एकटीने, पोलंडसारख्या देशात जाऊन तुम्ही पाहता तरी काय? एरवी मी ‘थंडी आवडते’ एवढे सांगून सुटका करून घेते. परंतु प्रश्न मनापासून विचारलेला असेल, तर त्याचे उत्तर पोलंडमधल्या क्राकूव शहरातल्या एका दिवसाच्या तपशिलात आहे आणि ते उभ्याउभ्या देण्यासारखे नाही.

पोलंडच का, हे कोल्हापूरकरांना तरी वेगळे सांगावे लागू नये. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतांश बायका आणि मुले, इराणमार्गे भारतात येऊन १९४३ ते १९४८ या काळात आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव वसले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. आमच्या घरी त्या ‘पोलिश लोकांचा’ विषय अधूनमधून निघत असे, त्यामुळे तो देश मला कधी परका वाटला नाही. त्यात राजधानी वॉर्सा युद्धात जवळजवळ जमीनदोस्त झाले, तर क्राकूवच्या जुन्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी जाहीर केली, तेव्हा तिच्यातल्या अवघ्या बारा स्थळांत या शहराचा जुना भाग होता.

आता हिवाळ्याबद्दल. डिसेंबरच्या सुरुवातीला क्राकूवमध्ये सकाळी सव्वासातनंतर उजाडते आणि दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे हाती जेमतेम सव्वाआठ तासांचा उजेड, आणि ढग असले तर तोही राखाडी. ही अडचण वाटते खरी, पण एवढ्या उजेडात दहा ठिकाणे ‘करता’ येत नाहीत, म्हणून दोन-तीनच निवडावी लागतात आणि ती नीट पाहिली जातात. मी राजवाडा आणि कॅथीड्रल असलेली वावेलची टेकडी त्या दिवशी चक्क सोडून दिली. बरोबर कोणी असते, तर एवढ्यावरून वाद झाला असता.

मी डिसेंबरमधला पहिला गुरुवार मुद्दाम निवडला होता. त्याचे कारण पुढे येईलच. सकाळी आठला मुख्य चौकात पोहोचले तेव्हा मेरीच्या चर्चच्या उंच मनोऱ्यावरून तुतारी वाजत होती. ही हेइनाऊ नावाची धून दिवसरात्र दर तासाला चारही दिशांना वाजवली जाते, ती वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात, आणि दुपारी बाराची धून पोलिश रेडिओ १९२७ पासून देशभर ऐकवतो. धून मध्येच, सूर अर्धवट टाकून थांबते. १२४१ च्या तार्तार (मंगोल) हल्ल्यात पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून ती तिथेच तुटते, असे सांगतात. गोष्ट सुरेख आहे, पण आज उभे असलेले चर्च चौदाव्या शतकातले असल्यामुळे तो पहारेकरी या मनोऱ्यावर तरी नव्हता. चौकाची आखणीसुद्धा त्या हल्ल्यानंतरची, १२५७ ची आहे. एकेक बाजू सुमारे दोनशे मीटरची, आणि मधोमध सुकिएन्नित्से, म्हणजे जुना कापडबाजार. मी त्याच्या कमानींखाली उभी राहून ओब्वाझानेक खाल्ला. पिळाचे हे गोल कडे आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजतात, वर खसखस किंवा मीठ असते आणि हातगाडीवर ते गरम मिळाले तर नशीब. शाकाहारी माणसाची न्याहारी त्यात निभते.

नऊनंतर चौकात माणसे जमू लागली. नाताळचा बाजार एका बाजूला होताच. त्याच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण मसालेदार गरम वाइन आणि लोकरी टोप्या आता युरोपातल्या प्रत्येक शहरात त्याच मिळतात. माझे लक्ष होते मित्स्किएविचच्या पुतळ्याकडे. (या कवीने हयातीत क्राकूवमध्ये पाऊलही ठेवले नव्हते, १८९० मध्ये त्याच्या अस्थी आणून वावेलला पुरल्या, एवढाच त्याचा या शहराशी संबंध. तरी पुतळा मुख्य चौकात.) पुतळ्याच्या पायऱ्यांवर दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी गावातले लोक आपापल्या शोप्का आणून मांडतात.

शोप्का म्हणजे येशूजन्माचा देखावा, परंतु बेथलेहेमचा गोठा तिच्यात नावालाच असतो. पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या आणि चॉकलेटच्या वेष्टनासारखा रंगीत चकचकीत कागद यांतून क्राकूव शहरच उभे केलेले असते : मेरीच्या चर्चचे दोन असमान मनोरे, वावेलच्या कॅथीड्रलमधला सोनेरी घुमट, कापडबाजाराची नक्षीदार कड, आणि या सगळ्याच्या वरच्या मजल्यावर कुठेतरी बाळ येशू. तळमजल्यावर वावेलच्या दंतकथेतला ड्रॅगन आणि स्थानिक पोशाखातले नाचणारे असतात. दिवाळीत आपल्याकडे मुले मातीचे किल्ले करतात, तेव्हा तो रायगड आहे की प्रतापगड यावर जी चुरस लागते, तीच इथे मोठ्या माणसांत दिसली. काही शोप्का काडेपेटीएवढ्या, तर काही माणसापेक्षा उंच होत्या आणि चौघांनी उचलून आणलेल्या होत्या.

या कलेचा हिवाळ्याशी असलेला संबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात शहराबाहेरच्या वस्त्यांतले गवंडी आणि सुतार थंडीत बेकार होत, कारण गोठणाऱ्या हवेत बांधकाम चालत नाही. ती मंडळी रिकाम्या महिन्यांत शोप्का करून घरोघर नेत, बाहुल्यांचा खेळ दाखवत आणि चार पैसे मिळवत. उन्हाळ्यात ज्या इमारतींवर हात चालवला, त्याच इमारती हिवाळ्यात कागदात बांधायच्या! क्रोवोद्झा या वस्तीतला गवंडी मिखाऊ एझेनेकिएर याची एक शोप्का शहराच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आजही आहे आणि नंतरच्या कारागिरांनी तिलाच आदर्श मानले. ही परंपरा मंदावली, तेव्हा १९३७ मध्ये तिची स्पर्धा सुरू झाली. जर्मनांच्या ताब्यातली वर्षे वगळता ती चालू राहिली आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मे महिन्यात येणाऱ्या प्रवाशाला शोप्का फार तर संग्रहालयाच्या काचेआड दिसतील.

माझ्याजवळच एक वयस्क गृहस्थ आपल्या शोप्केच्या मनोऱ्यावर सुटलेला चांदीचा कागद अंगठ्याच्या नखाने दाबून बसवत होते. हवा शून्याच्या आसपास होती, तरी हातमोजे त्यांनी काढून खिशात कोंबले होते, कारण हातमोज्यांनी ते काम होत नाही. बारीक बर्फ पडू लागला तसे बरोबरच्या मुलीने वर प्लास्टिक धरले. मी खुणेनेच ‘किती दिवस लागले’ असे विचारले, तर त्यांनी बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली आणि एक हात पुरेना.

याच वेळी चर्चमध्येही एक पाहण्यासारखी गोष्ट घडते. वित स्त्वोश या न्यूरेंबर्गहून आलेल्या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या काळात घडवलेल्या भव्य लाकडी वेदीचे दरवाजे बाराला दहा मिनिटे कमी असताना उघडले जातात. गाइडबरोबर आलेले गट लगबगीने आत गेले. मी बाहेरच थांबले, बाराची तुतारी ऐकली आणि कारागिरांची मिरवणूक क्शिश्तोफोरी वाड्यातल्या संग्रहालयाकडे निघाली, तिच्या मागून चालत गेले. असा निर्णय एकटीला क्षणात घेता येतो. कुणाची समजूत काढावी लागत नाही आणि कुणाचे पाय दुखत आहेत का, हेही पाहावे लागत नाही.

वेदी मी जेवणानंतर पाहिली. जेवण ‘बार म्लेच्नी’ म्हणजे दूध-बारमध्ये : कम्युनिस्ट काळात फोफावलेली ही स्वस्त खाणावळ आजही चालू आहे, नाव बार असले तरी दारूचा संबंध नाही, आणि बटाटा व पनीर भरलेले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, तिथे पोटभर मिळतात. चर्चमध्ये तेव्हा गर्दी ओसरली होती. मेरी प्राण सोडताना गुडघ्यांत खचते आहे आणि भोवती तिच्याहूनही व्याकूळ झालेले प्रेषित, असा मधला प्रसंग. सुमारे तेरा मीटर उंचीच्या या कामात मला शेवटपर्यंत खिळवून ठेवले ते लिंडेनच्या लाकडातल्या हातांनी. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर शिरा जशा फुगून वर येतात, तशा त्या कोरल्या आहेत आणि बोटांची पेरे कामकऱ्याची आहेत. नाझींनी ही वेदी उतरवून जर्मनीत नेली होती. युद्धानंतर ती न्यूरेंबर्गमध्ये सापडली आणि १९४६ मध्ये पोलंडला परत आली.

बाहेर आले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि दिवे लागले होते. ‘अंधारात एकटीला भीती नाही वाटत?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. चार वाजताचा अंधार हा रात्रीचा अंधार नसतो. शाळा सुटलेल्या असतात, ट्राम भरून जात असतात, आजीबाई पिशव्या घेऊन घरी निघालेल्या असतात. जुन्या तटबंदीच्या जागी शहराभोवती प्लांती नावाची बाग आहे, तिच्यातून मी सहापर्यंत फिरत होते. गैरसोय म्हणाल तर एकच, हवेची. शहराने सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड जाळण्यावर बंदी घातली आहे, तरी आसपासच्या गावांतला धूर वारा पडलेल्या दिवशी खाली उतरतो, त्यामुळे दमा असलेल्यांनी आधी विचार करावा. बाकी बूट मात्र ओल न धरणारे, जाड तळव्याचे आणि मोज्यांच्या दोन जोड्या मावतील एवढे मोठे घ्यावेत, आणि तिकीट काढण्याआधी डिसेंबरचा पहिला गुरुवार कोणत्या तारखेला येतो ते पाहावे.