आमची वाटचाल : साखळीपासून पाणंदीपर्यंत

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात द्राक्षबागेच्या वस्तीवर कुत्रं पाळतात ते राखणीसाठी. गोठ्याच्या मेढीला नाहीतर बेदाणा शेडच्या खांबाला साखळी, साखळीला कुत्रं, समोर भाकरीची थाळी. आमचं काम या कुत्र्यांना रोज सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायचं. पहिली गिऱ्हाइकं बागायतदार नव्हती. मुलं पुण्या-मुंबईला, घरी वयस्कर आईवडील आणि मुलांनी हौसेनं आणून ठेवलेलं लॅब्रॅडॉर, अशी ती घरं होती. बागायतदार नंतर आले, आणि येताना सगळे एकच शंका घेऊन आले : फिरवलेलं कुत्रं मवाळ पडतं, मग राखण कोण करणार?

कायम बांधलेलं कुत्रं सगळ्यांवरच भुंकतं. दूधवाला, शेजारची म्हैस, वाऱ्यानं फडफडणारं शेडनेट, त्याला सगळं सारखंच. मालक ती ओरड रोज ऐकतो आणि हळूहळू तिच्याकडे कान द्यायचं सोडतो. रोज शिवार हिंडून येणाऱ्या कुत्र्याला कोणाचा ट्रॅक्टर कधी जातो, कोणत्या माणसाचा वास रोजचा आणि कोणता परका, हे कळायला लागतं. ते रात्री भुंकलं तर मालक बॅटरी घेऊन उठतो. आमच्याकडे टिकलेले बहुतेक बागायतदार या एका फरकामुळे टिकले.

नव्या कुत्र्याला पहिल्या दिवशी पट्टा लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. पहिले तीन दिवस आमचा माणूस रोज ठरल्या वेळी जातो, साखळीच्या टप्प्याबाहेर दोन हात अंतरावर कुत्र्याकडे कूस करून बसतो आणि पंधरा मिनिटांनी उठून येतो. हात पुढं करायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत. चौथ्या दिवसापासून भाकरीचा तुकडा टाकायचा, तोही जमिनीवर. हातानं भरवायची घाई केली की घाबरलेलं कुत्रं तुकड्याबरोबर बोटही धरतं. तुकडा खाऊन ते परत आपल्याकडं बघायला लागलं, शेपूट पोटाखालून सुटली, अंग सैल टाकून बसलं, की मग गळपट्ट्याला हात लावायचा. बहुतेकांचं हे आठ दिवसांत होतं. ज्याला मार बसलाय, त्याला महिनाही लागतो. त्या महिन्याचे पैसे आम्ही घेत नाही, कारण पैसे घेतले की मालक घाई करतो.

साखळी सोडताना क्रम चुकवून चालत नाही. आधी पट्ट्याचा आकडा अडकवायचा, तो ओढून बघायचा, मगच साखळीचा आकडा काढायचा. उलटं केलं तर कुत्रं क्षणात बांध ओलांडून पार होतं. खरी अडचण मात्र पुढं आहे. साखळीचा खळखळाट थांबला तरी बरीच कुत्री पळत नाहीत. साखळी जिथवर पोचायची तिथवर येतात आणि थांबतात. मातीत तिथं एक गोल वाट पडलेली असते, तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेली, त्यात गवताची काडीसुद्धा उगवत नाही. त्या गोलाच्या कडेला पुढचे दोन्ही पाय रोवून कुत्रं उभं राहतं, मान पुढं, अंग मागं. इथं ओढायचं नाही. पट्टा ढिला सोडायचा, आपण एक पाऊल बाहेर जाऊन उभं राहायचं आणि वाट बघायची. कुणी दोन मिनिटांत येतं, कुणी तिसऱ्या दिवशी.

बाहेर आल्यावर पहिला आठवडा दहा मिनिटंच. बसून राहिलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ पडलेले असतात, खडीच्या रस्त्यावर लगेच सोलतात. कठीण जमिनीवर चालणं नसल्यानं नखंही झिजत नाहीत. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख गोल वळून मांसात रुतलेलं आम्ही अनेकदा बघतो. गळपट्ट्याखालची कातडीही आधी तपासतो. केस गेलेले, ओल, वास, जखमेत अळ्या असं काही दिसलं तर चालणं थांबवून पशुवैद्यकाकडं पाठवतो. सगळं ठीक असेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत चाळीसपर्यंत नेतो.

सामान साधं आहे. सहा फुटांचा जाड सुती किंवा नायलॉनचा पट्टा, पितळी आकडा आणि गळपट्टा. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत. आपोआप गुंडाळणारा पट्टा आम्ही वापरत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉली अंगावरून जाते तेव्हा पंधरा फूट दोरी लांब गेलेलं कुत्रं हातात राहत नाही. कारवान कुत्र्याची गोष्ट वेगळी. जतकडं आणि खाली कर्नाटकात मुधोळकडं पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं हे शिकारी वाण. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची जी चार तिकिटं काढली, त्यातलं मुधोळ हाउंड ते हेच. याचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, त्यामुळं साध्या गळपट्ट्यातून ते मागं सरकून सहज निसटतं आणि ससा दिसला की हाकेला थांबत नाही. त्याला दोन इंच रुंद आणि ओढल्यावर बेतानं आवळणारा गळपट्टाच लागतो. चावऱ्या कुत्र्याला जाळीची मुसकी घालतो, बैलाला मळणीत घालतात तशी, तोंड उघडून धापता येईल एवढी मोकळी. कापडी पट्टीनं तोंड बांधून उन्हात चालवलं तर कुत्रं मरू शकतं, कारण धापल्याशिवाय त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.

उन्हाळ्यात फेऱ्या पहाटे साडेपाचला सुरू होतात आणि साडेसातला संपतात, संध्याकाळी सात वाजल्याशिवाय निघत नाही. डांबराला पालथा हात सात सेकंद टेकवून बघायचा. हात टेकवत नसेल तर पाणंदीनं, म्हणजे शेतांमधल्या मातीच्या वाटेनं जायचं. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लडबडली, तर सावलीत नेऊन पोट, जांघा आणि तळव्यांवर साधं पाणी ओतायचं. बर्फ नको, त्यानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. आणि मालकांना एक आग्रहाचं सांगणं : जेवण फेरीनंतर तासाभरानं द्या. भरल्या पोटी पळालेल्या मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडायची भीती असते, मग तासाभराचा उशीरही महागात पडतो.

आमचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र ऊन नाही, द्राक्ष आहे. ज्या तालुक्याची ओळख बेदाण्यावर आहे, तिथं हे बोलणं लोकांना विचित्र वाटतं. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. त्यातलं टार्टारिक आम्ल यामागे असावं, असा पशुवैद्यकांचा अलीकडचा कयास आहे. अडचण अशी, की सगळ्या कुत्र्यांना सारखं बाधत नाही. एखादं वर्षानुवर्षं बागेतले पडलेले मणी खातं आणि त्याला काही होत नाही, म्हणून मालक म्हणतो, 'आमचं तर रोज खातंय.' शेजारचं मूठभर खाऊन आडवं होतं. कुणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. बेदाणा जास्त वाईट, कारण साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. थोड्या घासात पुष्कळ जातं, आणि गोड लागतं म्हणून कुत्रं शोधून खातं.

म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या वाटा बदलतात. शेडच्या रॅकखाली जाळीतून गळलेले मणी, डिपिंगच्या, म्हणजे वाळत घालण्याआधी द्राक्षं बुडवायच्या टाकीजवळचा चिखल आणि चाळणीच्या मशीनमागं टाकलेला काडीकचरा या तीन जागांपासून पट्टा आखूड धरून कुत्रं लांब ठेवायचं. टाकीत डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तळव्यांना लागलं की कुत्रं चाटतंच. द्राक्ष खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट बघायची नाही. पहिल्या दोन तासांत डॉक्टरांनी उलटी करवली तर बराचसा धोका टळतो. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढू नये, त्या मिठानंच विषबाधा होते. न कळता खाल्लं असेल तर दिवसभरात उलट्या, सुस्ती, अन्नावरची वासना जाणं दिसतं. त्यानंतर लघवी कमी झाली तर मूत्रपिंड बसायला लागलेलं असतं. खाल्ल्याची वेळ आणि अंदाजे किती, या दोन गोष्टी आमच्या माणसाच्या वहीत लगेच टिपलेल्या असतात, कारण डॉक्टर पहिल्यांदा त्याच विचारतात.

फवारणीचं वेळापत्रक आम्ही प्रत्येक बागायतदाराकडून मागून घेतो. ब्लोअर गेलेल्या बागेत त्या दिवशी कुत्रं न्यायचं नाही, आणि फळछाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावायचं काम चालू असेल तर त्या बांधावरूनही नाही. उंदराच्या औषधाच्या गोळ्या कुठं ठेवल्यात हे विचारायला आमची मुलं आधी लाजायची. आता पहिल्या भेटीच्या कागदावर तो प्रश्नच छापलेला आहे.

शेततळ्याबद्दलही असंच. प्लास्टिकचं अस्तर पाण्यानं निसरडं होतं, कुत्रं पाणी प्यायला उतरलं की नखं धरत नाहीत आणि पोहून पोहून दमतं. तळ्याच्या चारही बाजूंनी जाड दोराला गाठी मारून किंवा मासेमारीच्या जुन्या जाळ्याची पट्टी करून पाण्यात दोन हात सोडून ठेवायची. खर्च किरकोळ आहे. कुत्रंच काय, पाय घसरलेलं माणूसही त्याला धरून वर येतं. ज्या शेततळ्याला ही सोय नाही, त्याच्या कडेनं आमची फेरी जात नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या अस्तर केलेल्या कालव्यांनाही तोच नियम.

पावसाळा संपला की दोन कामं वाढतात. एक गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली रोज हात फिरवायचा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल लावू नये, काडीनं भाजू नये. कुत्रं जेवत नाही, ताप आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्यात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होतेय, तर तो गोचीडताप समजून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. दुसरं कुसळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळावरचं गवत वाळलं की कुसळ केसात शिरतं आणि त्याच्या काट्याच्या रचनेमुळं पुढंच सरकतं, मागं येत नाही. बोटांच्या मधून आत गेलेलं कुसळ पुढं गळू होऊन फुटतं. फेरीनंतर एकेक पाय मांडीवर घेऊन बोटं फाकवून बघायला पाच मिनिटं लागतात. नात्याचा अंदाज आम्हाला तिथंच येतो. जे कुत्रं पंजा सोडवून घेत नाही, ते आपलं झालं.

गावातली मोकळी कुत्री ही वाटेवरची खरी घरमालक. त्यांना टाळून चालता येत नाही, म्हणून नवी वाट धरायच्या आधी आमचा माणूस आठवडाभर त्या वाटेनं एकटा हिंडतो. सोबत कुत्रं असताना ती अंगावर आली तर पळायचं नाही, दगड उचलायचा नाही. आपलं कुत्रं आपल्या मागं घ्यायचं, काठी जमिनीला टेकवून आडवं उभं राहायचं आणि मग हळूहळू तिरकं निघायचं. कानाला कापलेली खूण असलेली कुत्री नसबंदी झालेली असतात. ती ज्या चौकात जास्त, तिथं भांडणं कमी, हा आमचा अनुभव.

दिवाळीनंतर आटपाडी-जतकडचे धनगर कळप घेऊन रस्त्याला लागतात. मेंढ्या दिसल्या की पन्नास पावलं बाजूला, आणि कळप निघून जाईपर्यंत उभं राहायचं. कळपाची कुत्री आपल्या कामावर असतात, चूक रस्त्यात आडवं येणाऱ्याची. व्यालेली गाय अंगावर धावली तर पट्टा सोडून द्यायचा. तिचा राग कुत्र्यावर असतो. कुत्रं पळून वाचतं, धरून ठेवलं तर दोघंही सापडतात. वाळवा-शिराळ्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्यानं तिकडची कामं आम्ही दिवसाउजेडीच घेतो.

रेबीजच्या बाबतीत सूट नाही. लसीची तारीख उलटलेलं कुत्रं फिरवत नाही, मालक कितीही जवळचा असला तरी. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीन डोस : 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. चावलं, नुसतं दात लागून खरचटलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, तंबाखू, चुना काही लावायचं नाही, आणि सरकारी दवाखान्यात जाऊन पुढचे डोस घ्यायचे. आधीचे तीन घेतलेत म्हणून कुणी घरी बसत नाही.

एका माणसाकडं एका फेरीत दोनच कुत्री, आणि शक्यतो वर्षभर तीच दोन. माणूस बदलायची वेळ आली तर आठ दिवस जुना आणि नवा दोघं बरोबर जातात : पहिले तीन दिवस पट्टा जुन्याच्या हातात, पुढचे तीन दिवस नव्याच्या हातात पण जुना शेजारी, शेवटचे दोन दिवस जुना वीस पावलं मागं. तासगावच्या रथोत्सवाला आणि दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत फेरी उरकतो, पण रद्द करत नाही.

म्हातारी कुत्री आमच्याकडं आता बरीच आहेत. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याची वाट बदलत नाही, फक्त आखूड करतो. दिसेनासं झालं तरी ते वासावर त्याच पाणंदीनं बरोबर चालतं, कोपऱ्यावरच्या बाभळीपाशी थांबतं. थांबलं की आमचा माणूसही थांबतो. ते स्वतः वळेपर्यंत पट्टा ओढत नाही.